मेल्यावरही न हटणारे भाऊराव

असंगत (अ‍ॅब्सर्ड) नाटक म्हटलं की आमच्या बदलापूर-अंबरनाथकडचा प्रेक्षक हात जोडतो. ‘आपल्याला नाही बुवा झेपत,’ म्हणत कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात एखादं हमखास हसवणारं नाटक गाठतो. त्याचाही दोष नाही. याच जातीचं, आयनेस्कोचं टकल्या गायिकेच्या नावाचं नाटक पॅरिसच्या एका चिमुकल्या नाट्यगृहात १९५७ पासून चालू आहे, आणि ती गायिका अजून रंगमंचावर आलेली नाही!

आपल्याकडच्या ‘महानिर्वाण’मधले भाऊराव मात्र पहिल्यापासून हजर असतात. फक्त मेलेले असतात. सतीश आळेकरांचं हे नाटक आधी एकांकिका होतं. जब्बार पटेलांच्या आग्रहावरून ते मोठं झालं. थिएटर अकादमीनं २२ नोव्हेंबर १९७४ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग केला. चंद्रकांत काळे भाऊराव झाले, संगीत आनंद मोडकांचं. पुढे हे नाटक बऱ्याच भारतीय भाषांत गेलं. मरण सगळीकडे असतं, आणि शेजारीही.

भाऊराव पेशानं कीर्तनकार. मेल्यावर तरी गप्प राहावं? तर नाही, स्वतःच्याच मरणावर कीर्तन लावतात. हट्ट एकच : जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते बंद झालेलं. मुलगा नाना पेचात, चाळकरी तयारीत आणि बायकोचं मन अंत्ययात्रेतल्या ‘डावीकडून तिसऱ्या’वर गेलेलं!

यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे निरोप येतो, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की...’ खाली हात जोडलेल्यांची रांग. मध्येच एकजण विचारतो, ‘आज टँकर येणार का?’ त्यालाही तिघे हात जोडतात. मग सेक्रेटरी कळवतात, ‘गेटसमोरच्या गाड्या काढा, शववाहिनी आत येत नाहीये.’ दुपारपर्यंत मयताचा फ्लॅट भाड्यानं जाईल का, याची हळूच चौकशी. कुणी वाईट नसतं. ज्यानं चौकशी केली, तोच सकाळी खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होता.

आळेकरांनी हेच कीर्तनाच्या चालीवर गायला लावलं, एवढंच. तेव्हा पुढच्या वेळी ‘महानिर्वाण’ची जाहिरात दिसली तर कळेल की नाही, याची काळजी करू नका. आपल्या इमारतीत कधी कुणी गेलं असेल, तर ते तुम्हाला आधीच कळलेलं आहे.