आधी बी तार मोजा

चाकणच्या कंपनीत साधा बुश आत घ्यायचा असला, तरी तो इनकमिंगला मोजला जातो. मायक्रोमीटर लागतो, रिपोर्टवर सही होते, मगच माल लाइनवर जातो. त्याच क्वालिटी खात्यात आठ तास घालवणारा आपला बेसवाला लाखाच्या घरातली बेस गिटार घेताना मात्र एकच विचारतो : ‘कोणत्या कंपनीची घेऊ?’

हा प्रश्न मागाहून विचारायचा. पहिला प्रश्न असा : पाचतारी बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे बी, किती इंच लांब?

सध्या पोरांच्या मनात भरली आहे ती हेडलेस, मल्टिस्केल बेस. डोकं नाही, सूर लावायच्या कळा खाली ब्रिजपाशी, आणि फ्रेट्स पंख्यासारख्या तिरक्या. दिसायला देखणी आहेच. पण या दोन्ही गोष्टी दिसण्यासाठी जन्मलेल्या नाहीत. नेड स्टाइनबर्गरनं १९८०च्या सुमारास डोकं काढलं ते तोल सावरण्यासाठी. मानेकडचं वजन गेलं की बेस पट्ट्यावर सरळ राहते, डावा हात तिला उचलून धरण्यात दमत नाही. राल्फ नोव्हाकनं १९८९ मध्ये तिरक्या फ्रेट्सचं पेटंट मिळवलं, ते जाड तारेला लांबी आणि बारीक तारेला आखूडपणा देण्यासाठी.

सतार-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पुरुषाच्या खर्जाचा तंबोरा मोठा आणि बाईच्या पट्टीचा लहान, हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मल्टिस्केलवाल्यांनी तोच हिशेब एकाच मानेवर बसवला.

आता आकडे. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेंडरनं १९५१ मध्ये ३४ इंच लांबीची बेस आणली आणि तेच माप जगभर रूढ झालं. नागोयाच्या आयबानेझनं २०२० मध्ये ईएचबी मालिका आणली. तिच्यातल्या पाच तारांच्या मल्टिस्केल मॉडेलमध्ये बी तार ३५ इंच आणि सर्वांत बारीक जी तार ३३ इंच आहे. म्हणजे ३४ इंचांच्या तुलनेत बी सुमारे सहा टक्के ताठ, जी जवळपास तेवढीच मऊ. कॅनडातल्या सॅस्काटूनच्या डिंगवॉलच्या नावाजलेल्या मॉडेलांत बी ३७ इंचांची आणि जी ३४ची. तिथं बीचा ताण अठरा टक्क्यांनी वाढतो. डिंगवॉलच्या या बेसना डोकं आहे, तरी तुलनेत त्या हव्यातच, कारण बी तार ताठ वाजणं म्हणजे काय ते त्यांच्यावर कळतं.

अठरा टक्के फुकट मिळत नाहीत. नटपासून पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंचांवर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर, ३७ इंचांवर जवळपास त्रेपन्न. चार मिलिमीटरचा फरक बोटांना पहिल्या गाण्यातच कळतो. शिवाय ३७ इंचांना जादा लांब तार लागते. ३४ इंची बेसचं नेहमीचं पाकीट तिथं पुरेलच असं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तार तुटली तर काय करणार, हे बेस घेतानाच ठरवून ठेवा.

हेडलेसमध्ये तारेचा आणखी एक प्रश्न येतो. स्टाइनबर्गरच्या मूळ पद्धतीत दोन्ही टोकांना गुंडी असलेली खास तार लागते. ईएचबीत साधी तार चालते. तिचं वरचं टोक अ‍ॅलन कीनं आवळून पक्कं करतात. पुण्याच्या दुकानात मिळेल त्या तारेवर चालणारी बेस ही आपल्यासाठी जास्त कामाची बेस.

मग ब्रिज बघा, आणि इथं आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाची नजर कोणत्याही परीक्षकापेक्षा तयार आहे. हेडलेसची कळ म्हणजे बारीक आट्यांचा स्क्रू. एक फेरा दिला की तार एका आट्याएवढी सरळ मागं ओढली जाते. बी तार पूर्ण सुरात असताना ही कळ नुसत्या बोटांनी फिरवून बघा. अडखळत असेल तर आट्यांत बर राहिली आहे. उलट फिरवल्यावर सूर लगेच उतरत नसेल तर सरकणारा भाग कुठंतरी अडकतो आहे. नर्लिंग बोटाला कापत असेल किंवा घामेजल्या हाताला निसटत असेल, तर मंचावर ती कळ छळणार. असा जॉब तुम्ही कंपनीत रिजेक्ट करता. दुकानातही करा, नाव कितीही मोठं असो.

मान धरून बघायची राहिलीच. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गनं मानेची पाठ गोल न ठेवता सपाट पैलूंची केली. कुणाच्या अंगठ्याला ती फार मानवते, कुणाला अजिबात नाही. फोटोवरून हे ठरत नाही. कॅलिफोर्नियाची कीझेल मागणीप्रमाणे बनवून देते, म्हणजे ऑर्डर देण्याआधी आपली मापं आपल्याला ठाऊक हवीत.

तर निकाल असा. चार तारांवर सिनेसंगीत वाजवणाऱ्यानं तिरक्या फ्रेट्सवर पैसे घालू नयेत. सरळ ३४ इंचांची हेडलेस त्याला पुरेशी आहे. पाच तारा आणि नेहमीचा सूर असेल, तर ३५-३३ हे सर्वांत समजूतदार माप. सूर बीच्याही खाली उतरवून मेटल वाजवणाऱ्यानं ३७ इंचांपर्यंत जावं, त्यासाठी हेडलेसचा हट्ट सोडावा लागला तरी सोडावा. डोकं नसल्याचा फायदा खरा आहे. दुचाकीवर निगडीहून निघालात काय किंवा पिंपरीहून स्वारगेटच्या मेट्रोत चढलात काय, आखूड पिशवी कुणाला टोचत नाही. पण प्रवासाची सोय हा दुसरा मुद्दा, बी तारेचा आवाज हा पहिला.

आणि एक बोलणं भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांशी. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे हात. हत्यारांची गरज ओसरली तसे ते हात सतारीकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्याकडे सीएनसी आहे, अ‍ॅनोडायझिंग आहे, पितळेच्या बारीक आट्यांची सवय आहे. हेडलेस ब्रिज म्हणजे मूठभर अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ. मोटारीचे सुटे भाग जगाला पुरवणाऱ्या पट्ट्यानं एका कळेसाठी परदेशी पार्सलची वाट बघावी, हे मला पटत नाही. एखाद्या बेसवाल्याकडून माप घ्या, ड्रॉइंग करा आणि पहिला नमुना या वर्षी काढा.