कोणत्याही दोघांची सही

माझ्याकडे काही लाख सातोशी आहेत. हे वाक्य मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत हळू आवाजात म्हणतो. हळू म्हटलं की आकडा मोठा वाटतो. दहा कोटी सातोशी मिळून एक बिटकॉइन होतं, हे मात्र मी सांगत नाही. कोणी विचारायच्या बेतात असलाच, तर तोवर वडाळीचा तलाव येतो आणि मंडळी पाण्याच्या पातळीवर घसरतात.

एवढी माया अशी उघड्यावर ठेवणं बरं नव्हे, असं मला २०२४च्या जुलैपासून वाटू लागलं. त्या महिन्याच्या १८ तारखेला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं. माझा त्यात एक सातोशीही नव्हता, तरी झोप माझी उडाली. ते पाकीट काही साधंसुधं नव्हतं. सहा सह्यांचे धनी, त्यांतल्या चार सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नसे, आणि सही करायला खास हार्डवेअरची उपकरणं. कंपनीचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावरच. म्हणजे सह्या खऱ्या, नियम पाळलेले आणि माल गायब. आमच्याकडे याला सहकार म्हणतात.

शहाण्या माणसाने यावरून धडा घेऊन आपलं किडूकमिडूक पोस्टात टाकलं असतं. मी ठरवलं, मुंबईवाल्यांना जमलं नाही ते अमरावतीत करून दाखवायचं. तीन किल्ल्या, व्यवहाराला कोणत्याही दोन. एक हरवली तर पैसा बुडत नाही, एक चोरली तर चोराच्या हाती काही लागत नाही. जाणकार सांगतात, किल्ल्या सांभाळणारी तिन्ही उपकरणं एकाच कंपनीची घेऊ नयेत. एकात खोट निघाली तरी बाकीची दोन शाबूत राहावीत. म्हणून एक प्रागची ट्रेझर, एक फ्रान्सची लेजर आणि एक कॅनडाची कोल्डकार्ड. तिन्ही पाहुण्या घरी उतरल्या त्या दिवशी बायकोने एकूण किंमत ऐकून घेतली आणि शांतपणे विचारलं, "आणि यात ठेवायचं किती आहे?" तो आकडा किमतीहून थोडा कमीच होता. मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे." आमच्या घरी तत्त्वाचे प्रश्न बहुधा हप्त्यांवर येतात.

खरं म्हणजे वऱ्हाडाला यात नवं काय? ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीशिवाय हलत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचं खातं तर अगदी याच पद्धतीचं: अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, कोणत्याही दोघांची सही. हे प्रकरण मी थोडक्यात सांगणार होतो, पण ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

एका वर्षी महाप्रसादाला वांग्याची भाजी-रोडगे करायचे की पुरी-बुंदी, यावरून अध्यक्ष आणि सचिवांत अबोला झाला. एकाने सही केलेल्या चेकला दुसरा हात लावेना. त्यामुळे कोषाध्यक्ष नावाचा जो प्राणी तोवर पावतीपुस्तकं वाहण्यापुरता ओळखला जात होता, त्याला एकाएकी दिवस आले. सकाळी अध्यक्षांकडून तर्री-पोहे, संध्याकाळी सचिवांकडून गिला वडा. लोक त्याला वाटेत थांबवून तब्येत विचारू लागले. त्याच्या मुलीची दहावी होती, तर तिच्यासाठी दोन्ही पक्षांनी नवस बोलले. माणूस मुळात भिडस्त. त्याने अध्यक्षांच्या चेकवर सही केली रोडग्यांसाठी, आणि सचिवांच्या चेकवर सही केली बुंदीसाठी. दोन्ही चेक कायदेशीर, दोन्हींवर हव्या तेवढ्या सह्या. खात्यात पैसा मात्र एकाच जेवणाचा.

सातोशी नाकामोतो नावाच्या, आजवर कोणाच्याही नजरेस न पडलेल्या गृहस्थाने ३१ ऑक्टोबर २००८ला बिटकॉइनविषयी नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला तो नेमका याच दुखण्यावर. एकच पैसा दोनदा खर्च होऊ नये, आणि त्यासाठी मध्ये विश्वासाचा माणूस लागू नये. आमच्या मध्ये विश्वासाचा माणूस होता, म्हणून तर पैसा दोनदा खर्च झाला! गल्लीने त्या वर्षी रोडगेही खाल्ले आणि बुंदीही खाल्ली. चेक आधी पोचला तो हलवायाचा. रोडगेवाल्याने कोषाध्यक्षांच्या ओट्यावर मुक्काम ठोकला. पुढच्या वर्षी दोन्ही पक्षांचा समेट झाला, तर कोषाध्यक्षांची सही जुळेना. एवढा मान मिळाल्यावर त्यांनी सहीखाली दोन रेघा वाढवल्या होत्या.

असो. सांगायचं होतं ते उपकरणांचं.

माझ्या प्रत्येक उपकरणाने सुरुवातीला २४ शब्द दिले. २०४८ इंग्रजी शब्दांची ठरीव यादी आहे, त्यातलेच. उपकरण मोडलं, जळालं, मोर्णेच्या पुरात गेलं, तरी त्या शब्दांवरून किल्ली पुन्हा उभी राहते. कागदाला वाळवी लागते म्हणून शब्द पोलादी पट्टीवर ठोकायचे. भांड्यांवर नाव घालणारा मला इतवारा बाजारात सहज मिळाला असता, पण ज्याने शब्द पाहिले त्याचीच किल्ली. आणि तो विचारणार, "नाव कोणाचं घालू?" शेवटी अक्षरांचे ठसे आणि हातोडी आणून भर दुपारी गच्चीवर मीच बसलो. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात. यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. ही सोय ज्याने केली त्याने स्वतः कधीतरी विदर्भातल्या उन्हात हातोडी चालवली असावी. शेजाऱ्यांना सांगितलं, कूलर दुरुस्त करतोय.

शिवाय एक मेख अशी, की दोन किल्ल्यांचे शब्द हाताशी असून भागत नाही. तिन्ही किल्ल्यांच्या सार्वजनिक बाजूंची नोंद असलेली फाइलही लागते, नाहीतर पाकीट कुठलं हेच कळत नाही. सही दोघांची चालते, पण तिसरा कोण, ते ठाऊक असावं लागतं. म्हणून त्या नोंदीची एकेक प्रत तिन्ही ठिकाणी.

ठिकाणं ठरली. एक किल्ली माझ्या कपाटात. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, तो बायकोच्या आणि माझ्या नावावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या नियमांनुसार बँकेच्या हलगर्जीने लॉकरला आग लागली तर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाईची जबाबदारी बँकेची. हिशेब केला तर आग लागण्यात माझा फायदा निघाला. तिसरी किल्ली अकोल्याला, ताईकडे.

मग मी जोड्या मांडल्या. मी आणि ताई: चालतं. मी आणि बायको: चालतं. बायको आणि ताई: हेही चालतं! नणंद-भावजय एक झाल्या तर मी उभारलेल्या पाकिटात मला कोणी विचारणार नव्हतं. यंत्राच्या लेखी तिघंही सारखेच वगळण्याजोगे, हे गणित म्हणून ठीक. पण घरात वगळलं जायची सवय त्या दोघींना होती, मला नव्हती.

अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात नाव गेलं. माझं पाकीट त्याहून सावकाश झालं, पण आमच्याकडे रोलर नव्हते. त्याच रस्त्याने एसटीत बसून मी कोल्डकार्ड सदऱ्याच्या आतल्या खिशात घेऊन निघालो, छातीवर हात ठेवून. मूर्तिजापूरला चढलेला माणूस सारखा माझ्या खिशाकडे पाहत होता. बोरगाव मंजूला त्याने विचारलं, "भाऊ, तंबाखू हाय का?"

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. तिने ते यंत्र उलटसुलट पाहिलं. "कॅल्क्युलेटर आणलं काय माह्यासाठी?"

मी तिला सगळं समजावलं. चाचणी म्हणून थोडी रक्कम पाठवायची, माझी सही अमरावतीहूनच करून आणली आहे, अर्धवट सहीची फाइल या कार्डात आहे.

"पाठवाचे कोणाले?"

"आपल्यालाच. आपल्या पाकिटातून आपल्याच पाकिटात."

"मंग पाठवतं कायले?"

"ते जाऊ दे ताई. तू फक्त इथे हे बटण दाब."

ताईने चष्मा शोधायला घेतला.

वऱ्हाडात बाप गेला की तेरवी आटोपल्यावर बहिणींना "फक्त इथे" सही करायला बोलावतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हिस्सा दिला. पण त्या हिश्शापुढे तिचं नाव लिहिलं जातं ते बहुधा हक्कसोडपत्रात, सोडून देताना. बदल्यात साडीचोळी, आणि माहेर शाबूत. कोणी दमदाटी करत नाही. उलट किती गोडीने चालतं सगळं! निबंधकाच्या कचेरीबाहेर उसाचा रस पाजतात. आमच्या मूर्तिजापूरकडच्या वावराचंही असंच झालं. ताईला शाळेत परत जायचं होतं, पेपर तपासायचे पडले होते, आणि बोट ठेवून जागा दाखवणारा मीच होतो. सहकाराची चेष्टा करताना हे मला कधी आठवत नाही.

"त्या वक्ती नव्हतं वाचलं," ताई चष्मा पुसत म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आता वाचतो."

आणि तिने वाचलं. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावरचा पत्ता, पूर्ण ६२ अक्षरं, एकेक मोठ्याने. आणि मी माझ्याकडच्या कागदावर प्रत्येक अक्षराखाली टिंब द्यायचं. मध्ये माझं लक्ष ढळलं तर तिने पहिल्यापासून सुरू केलं. अर्ध्यावर ती थांबली. "सुरुवातीचे बी आणि एक सोडले तर पुढं ना बी, ना आय, ना ओ, ना एक. काहून?"

"एकमेकांसारखी दिसतात म्हणून गाळली आहेत."

"शहाणं माणूस दिसते," ती म्हणाली. माझ्याबद्दल तिने हे कधी म्हटलेलं नाही.

वाचून झालं. मी बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात ताईने मोबाइल उचलून माझ्या बायकोला लावला. मी पाटावर बसलो होतो, ताटात पिठलं-भाकरी आली होती आणि स्वयंपाकघरातून तुकडे ऐकू येत होते. विकले तर किती येतील. नफ्यावर तीस टक्के कर, २०२२ पासून. उरतील त्यात माहूर होते काय, का त्र्यंबक.

"ताई," मी ओरडलो, "ते दीर्घ मुदतीसाठी ठेवायचे आहेत!"

ती दारात आली, फोन कानालाच. "तुही सही लागते काय याले?"

"तशी... नाही लागत."

"मंग तू जेवून घे. आमचं बोलणं चालू हाय."