डबा अजून चांगला आहे

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या काकांकडे गॅरेज आहे आणि गाडीही आहे, पण दोघांची भेट होत नाही. गॅरेज बांधलं फिएटच्या मापानं. तिची रुंदी दीड मीटरच्या आत. आताच्या गाडीचं पोट सुटलेलं. त्यामुळे गाडी गल्लीत उन्हात तापते आणि गॅरेजच्या सावलीत लग्नातली पातेली, कूलरचा जुना खस आणि एपॉक्सीचे दोन डबे सुखानं राहतात.

हे डबे उरला औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात फरशीचं काम झालं तेव्हा उरलेले. मोठ्यात राखाडी रेझिन, धाकट्यात हार्डनर. झाकणावरची मुदत केव्हाच टळलेली. पण मुदत म्हणजे कंपनीनं स्वतःच्या धंद्यासाठी दिलेलं मत, अशी काकांची धारणा आहे. म्हणून तो माल गॅरेजच्या फरशीला लावायचं त्यांनी ठरवलं.

"अगं, औषध आहे का ते? फरशीला काय जुलाब होणारेत?"

"अहो, पण लावायचं कशाला? गाडी तर आत येत नाही," काकू म्हणाल्या. या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून काकांनी पिशवी घेतली, तीत हार्डनरचा डबा टाकला आणि गोल बाजार गाठला. सोबत मी.

गोल बाजारात जन्मापासून तेराव्यापर्यंतचं सगळं सामान मिळतं, असं रायपूरकर सांगतात. मत त्यावर फुकट. पूजेच्या सामानवाल्यानं थिनर घालायला सांगितलं. भांडीवाला म्हणाला, हार्डनर जास्त घाला, लवकर सुकेल. ही समजूत घरोघरी आहे आणि साफ चुकीची आहे. हार्डनर रेझिनशी प्रत्यक्ष जोडला जातो. प्रमाण ठरलेलं असतं, आणि जादा घातलेला तसाच चिकट उरतो.

शेवटी एका रंगवाल्या म्हाताऱ्यानं झाकण उघडलं. आतला माल काळपट तांबडा झालेला, कडेला पांढरी साय. त्यानं काडी बुडवली, वर धरली, नाक मुरडलं. "बाबूजी, रेज़िन बच जाएगा. इसका भरोसा नहीं."

म्हाताऱ्यानं रसायनशास्त्र एका वाक्यात संपवलं. बंद डब्यातलं रेझिन मोठं सोशिक. थंडीत मधासारखं दाणेदार झालं, तरी डबा गरम पाण्यात ठेवला की पुन्हा पातळ. हार्डनर मात्र हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. झाकण सैल राहिलं की कामातून जातो, आणि मग फरशीवर तेलकट थर येतो.

मी काकांना धीर द्यायला म्हटलं, हे रेझिन मुळात दातांसाठी शोधलेलं. स्वित्झर्लंडचे पिअर कास्तां 1930च्या दशकात कवळ्यांसाठी साहित्य शोधत होते. त्यातूनच पुढे 1946 साली अ‍ॅराल्डाइट बाजारात आलं. काकांनी जिभेनं स्वतःची कवळी नीट बसवली आणि त्याच कंपनीचा, त्याच जोडीचा नवा हार्डनर मागवायला सांगितला. दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, हे म्हाताऱ्यानं दोनदा बजावलं.

हार्डनर येईपर्यंत फरशीची तयारी. फिएट जिथे उभी राहायची तिथे ऑइलचा डाग होता. तेलावर एपॉक्सी धरत नाही. काकूंनी धुण्याचा सोडा टाकून तो घासला, आणि घासताना फिएटच्या निमित्तानं काकांच्या सगळ्या खरेद्यांचा हिशेब काढला. खालून ओल येते का हे पाहायला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी खाली थेंब नव्हते. सुट्या टाइलवर नव्या हार्डनरचा नमुना लावला, तोही दुसऱ्या दिवशी नखानं निघेना. आता काकांना कोण आवरणार?

मे महिना, भर दुपार, रायपूर. चव्वेचाळीस अंश. तापमान दहा अंशांनी चढलं की एपॉक्सीची जमण्याची घाई साधारण दुप्पट होते. शिवाय जमताना ते स्वतःच तापतं. फरशीवर पातळ पसरलं तर उष्णता निघून जाते, बादलीत साठून राहिलं तर आतल्या आत भडकते. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि लगेच ओतायचं. काकांनी दोन्ही डबे एका बादलीत रिकामे केले, काठीनं ढवळले, आणि तेवढ्यात चहा आला.

चहा बशीत ओतून, फुंकून, संपवून काका वळले, तर बादलीतून धूर. प्लॅस्टिक वाकलं होतं. "पाणी घाला!" काकू ओरडल्या. "कोणी हात लावू नका!" मी ओरडलो. काकांनी काठी उपसायला हात घातला. काठीसकट बादली उचलली गेली.

गार झाल्यावर काकांनी तो गोळा रिक्षात घालून गोल बाजारात नेला. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, दोन्ही हातांनी काठी हलवून पाहिली. हलली नाही.

"बाबूजी," तो म्हणाला, "रेज़िन एकदम ठीक था."

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी काकूंना सांगितलेली नाही.