सुरतेत ठेवायचं कुठे?

सुरतेत बिटकॉइन सुरक्षित कसे ठेवावेत, हे सांगणारी मंडळी हल्ली गल्लोगल्ली भेटतात. वराछ्याच्या हिऱ्यांच्या ऑफिसांत आहेत, रिंग रोडच्या कापड मार्केटात आहेत, लिंबायत-डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतही आहेत. पासवर्ड लांबलचक ठेवा, अनोळखी लिंक दाबू नका, फोनवर विसंबू नका. सगळं अगदी बरोबर. जिल्हा पोलीस अधीक्षकांपासून जपून राहा, एवढंच कुणी सांगत नाही, आणि या शहराच्या अनुभवात मोठा धोका नेमका तिथूनच आला.

फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट. सुरतेच्या एका बिल्डरला गांधीनगरजवळ पोलिसांच्या पथकानं उचललं, फार्महाउसवर नेलं आणि त्याच्याकडून २०० बिटकॉइन उकळले. तेव्हाच्या भावानं ही रक्कम दहा कोटींच्या घरात जाते. पथक होतं अमरेलीचं. अमरेली ते गांधीनगर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शेजारच्या चौकातली सायकल चोरीला गेली तर ‘ही आमची हद्द नाही’ म्हणणाऱ्या खात्यानं त्या दिवशी हद्दीचा प्रश्न इतक्या उदारपणे सोडवला, याची नोंद व्हायला हवी. नोंद झालीही. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयानं १४ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत अमरेलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक जगदीश पटेल होते आणि धारीचे माजी आमदार नलिन कोटडियाही होते.

या प्रकरणातली तांत्रिक बाजू तज्ज्ञांनी अभ्यासावी अशी आहे. बिटकॉइनची गुप्त चावी अंदाजानं शोधायला निघालं, तर जगातले सगळे संगणक जुंपूनही विश्वाचं आयुष्य पुरणार नाही, असं गणिती लोक सांगतात. फार्महाउसवर इतका वेळ लागला नाही.

बिल्डर तरी या फंदात पडला कसा? त्याचे पैसे बुडाले होते बिटकनेक्टमध्ये. सुरतेच्या सतीश कुंभाणीनं उभी केलेली ही कंपनी २०१६ ते जानेवारी २०१८ या काळात जगभर गाजली. तुमचे बिटकॉइन आमच्याकडे द्या, आमचा ‘ट्रेडिंग बॉट’ बाजाराच्या चढउतारावर खेळेल आणि महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा देईल, अशी तिची बोली होती. बॉट काही कुणाला दिसला नाही. नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते, असं अमेरिकेच्या न्याय खात्याचं म्हणणं आहे, आणि त्याच खात्यानं हा घोटाळा सुमारे २४० कोटी डॉलरचा ठरवला. डिसेंबर २०१७ मध्ये चारशे डॉलरच्या वर गेलेलं कंपनीचं नाणं महिन्याभरात कोसळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत कुंभाणीवर आरोपपत्र दाखल झालं, तेव्हा तो कुठे आहे हे तिथल्या यंत्रणांना ठाऊक नव्हतं.

पुढचं सगळं खास सुरती व्यवहारचातुर्य. तपास यंत्रणांच्या आरोपानुसार, याच बिल्डरनं कंपनीच्या दोन माणसांना पळवून नेलं आणि त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक बिटकॉइन, ११,००० लाइटकॉइन आणि साडेचौदा कोटींची रोकड वसूल केली. ऑगस्ट २०२४ मध्ये ईडीनं त्याला अटक केली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण सिद्ध झाले तर साखळी अशी जुळते: गुंतवणूकदाराला कंपनीनं बुडवलं, कंपनीला गुंतवणूकदारानं लुटलं आणि गुंतवणूकदाराला पोलिसांनी. एवढ्या हातांतून फिरताना ते बिटकॉइन जिथे असतात तिथून, म्हणजे जगभरच्या संगणकांवर पसरलेल्या एका खातेवहीतून, तसूभरही हलले नाहीत. बदलली ती फक्त चावीची मालकी.

हे नीट कळलं की दीर्घ मुदतीच्या साठवणुकीचं अर्धं शास्त्र कळतं. बिटकॉइन कुठल्याच डबीत नसतात. काही हजार रुपयांना मिळणारं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे प्रागचं ट्रेझर किंवा पॅरिसचं लेजर, फक्त चावी सांभाळतं आणि तिला इंटरनेटचा वारा लागू देत नाही. यंत्र हरवलं, बिघडलं, धाकट्यानं गॅलरीतून खाली टाकलं, तरी चिंता नाही. पहिल्या दिवशी त्यानं दाखवलेले १२ किंवा २४ शब्द क्रमानं लिहून ठेवलेले असले की नव्या यंत्रात सगळं परत उभं राहतं. हीच ती सीड फ्रेज. शब्द ठरलेल्या २,०४८ शब्दांच्या यादीतले. यादी इंग्रजीत आहे, जपानीत आहे, झेक आणि इटालियनमध्येही आहे. मराठीत नाही आणि गुजरातीतही नाही. त्यामुळे ज्या घरातल्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी अजून पाठ आहे, त्या घरातही शब्द शेवटी कागदावरच उतरतात.

आणि कागद कुठे ठेवायचा, इथे शास्त्र संपून सुरत सुरू होते.

फोनमध्ये फोटो काढून ठेवणारे सर्वांत जास्त. त्यांनी यंत्रावर खर्च केला नसता तरी चाललं असतं, कारण फोटो त्याच क्षणी क्लाउडवर चढतो आणि इंटरनेटपासून चावी वाचवण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो. दुसरे कपाटात ठेवणारे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीनं सुरतेचा बहुतेक भाग बुडवला होता. तळमजल्यावरची कपाटं तेव्हा कुणाला कागदपत्रांसकट पोहताना दिसली असतील, तर त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून जाणकार शब्द पोलादी पट्टीवर कोरून घ्यायला सांगतात. आग आणि पाणी दोन्ही सोसते.

तिसरे बँकेच्या लॉकरवाले. लॉकरवर मध्यमवर्गीय माणसाची श्रद्धा नितांत असते, म्हणून रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम वाचलेला बरा. आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. वर्षाला तीन हजार भरत असाल तर तीन लाख, मग आत कोटींची चावी असो की आजीची नथ. पूर, भूकंप अशा दैवी कोपात बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तेवढेही नाहीत.

संपत्ती ठेवायची कुठे, या प्रश्नानं या शहराला पूर्वीही घाम फोडलेला आहे. जानेवारी १६६४. मराठी वाचकाला या प्रसंगी सुरतेच्या बाजूनं विचार करायची सवय नसते. पण क्षणभर करून पाहायला हरकत नाही. शिवाजी महाराज येऊन ठेपले आणि शहराचा रखवालदार इनायतखान सर्वांत आधी किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी राखून राहिले. वीरजी व्होरा, त्या काळातला सर्वांत श्रीमंत व्यापारी, त्याचं घर लुटलं गेलं. तरीही तो त्यानंतर व्यापारात दिसतोच, कारण त्याचा पसारा एकट्या सुरतेत नव्हता. आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा, कालिकतपर्यंत त्याचे आडत्ये होते. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १६७० मध्ये, महाराज पुन्हा आले. बाकीच्या सुरतेनं पहिल्या खेपेवरून काय धडा घेतला, हा वेगळा विषय.

व्होराचा उपाय आज मल्टिसिग या नावानं विकला जातो. तीन चाव्या करायच्या, त्यांतल्या कुठल्याही दोन लागल्याशिवाय पैसा हलत नाही. उधन्याच्या खानदेशी कुटुंबाला हे सहज जमावं. एक चावी घरी, दुसरी जळगावला दादांकडे, तिसरी पुण्याला मेहुण्यांकडे. घरात शिरलेल्या पोलीस पथकाला एका चावीनं काही करता येत नाही. पुढच्या चावीसाठी त्यांना उधना-जळगाव गाडी पकडावी लागते. दादा आणि मेहुणे परस्पर संगनमत करतील ही भीती असते खरी. पण लग्नातल्या मानपानापासून ज्यांचं बोलणं बंद आहे असे दोघे निवडले, तर अशी व्यवस्था कुठल्याही परदेशी कंपनीला देता येणार नाही.

परदेशी कंपन्यांचंही काही खरं नाही. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी फुटली आणि दोन लाखांहून अधिक लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर बाहेर पडले. तिजोरी विकणाऱ्यानं तिजोरी घेतलेल्यांची यादी चौकात लावावी, असा प्रकार. काहींच्या घरी मग बनावट यंत्रं टपालानं आली: जुनं बदला, हे वापरा. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये कंपनीच्या एका सहसंस्थापकालाच पळवून नेऊन त्याचं बोट कापण्यात आलं. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी त्यावर नवं संकट म्हणून रकाने भरले. सुरतेच्या लोकांना यात सात वर्षं जुनी बातमी वाचल्यासारखं वाटलं असेल.

एवढी कटकट नको, एक्स्चेंजवरच राहू दे, असं म्हणणारेही भरपूर आहेत. त्यांच्यासाठी वझीरएक्स. मुंबईच्या या एक्स्चेंजचं वॉलेट मल्टिसिगच होतं. सहा सह्यांपैकी चार लागत. चाव्या हार्डवेअर वॉलेटमध्ये होत्या. १८ जुलै २०२४ रोजी सगळ्या सह्या रीतसर झाल्या आणि सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये, निघून गेले. सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्यावरच. न वाचता सही करायची सवय सरकारी कचेरीपुरतीच आहे, हा समज त्या दिवशी गेला. चोरीचा माग अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं उत्तर कोरियापर्यंत नेला; ग्राहकांचा माग सिंगापूरच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. दरम्यान ज्यांनी नफ्यात काही विकलं होतं त्यांचा ३० टक्के कर मात्र वेळच्या वेळी देय होता. हे चलन आहे की नाही हे सरकारचं ठरायचं आहे. कराचं एप्रिल २०२२ पासून ठरलेलं आहे.

मालक गेल्यावर काय, हा विषय आपल्याकडे जेवणाच्या ताटावर काढत नाहीत. कॅनडातल्या क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा तिशीतला प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक होते, असं कंपनीनं सांगितलं. हजारो ग्राहक त्या पासवर्डसाठी हळहळले. पुढे चौकशीत निघालं की तिजोरी आधीच रिकामी होती. ओंटारियोच्या रोखे आयोगानं २०२० मध्ये त्याला सरळ फसवणूक म्हटलं. तेव्हा सुरतेच्या गृहस्थानं निदान कुठली चावी कुणाकडे आहे, एवढं बायकोला सांगावं. सीड फ्रेजला नॉमिनी लावायचा फॉर्म कुठल्याच बँकेत मिळत नाही.

मग या शहरातल्या क्रिप्टोचा सर्वांत मोठा साठा सध्या कुणी सांभाळला आहे? ईडीनं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईडीच्या अहमदाबाद कार्यालयानं बिटकनेक्टच्या तपासात १,६४६ कोटी रुपयांचं क्रिप्टो जप्त केलं. त्यासोबत साडेतेरा लाखांची रोकड आणि एक लेक्सस गाडी. अनेक वॉलेटमधून फिरवलेले व्यवहार शोधत शोधत अधिकारी चाव्यांपर्यंत पोहोचले, हे काम खरोखर कौतुकाचं. अमेरिकेनं याच घोटाळ्यात हाती लागलेलं क्रिप्टो विकून टाकलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ४० देशांतल्या सुमारे ८०० जणांना १.७ कोटी डॉलर वाटण्याचा आदेश दिला. आपल्याकडे खटला संपेपर्यंत मुद्देमाल जपण्याची परंपरा आहे, म्हणजे दीर्घ मुदतीची साठवणूक याहून दीर्घ होणं कठीण.

पण चावी आता असेल कुणाकडे? पुणेकरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. गेनबिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दोन तांत्रिक तज्ज्ञ मदतीला घेतले होते, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधलं क्रिप्टो आपल्या वॉलेटमध्ये वळवलं आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केले, असा त्यांच्यावर आरोप आहे.

तेव्हा १,६४६ कोटींच्या शब्दांचा कागद एखाद्या अधिकाऱ्याकडे असेल आणि त्याची बदली झाली, तर चार्ज देताना काय होतं? खुर्ची एक, कपाट दोन, शब्द चोवीस, मिळाले, सही? की तो कागद मुद्देमालाच्या खोलीत गाठोड्यात आहे? मथुरेच्या पोलिसांनी २०२२ मध्ये न्यायालयाला सांगितलं होतं की जप्त केलेला पाचशे किलोहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ला. ईडीनंही कागदाऐवजी पोलादी पट्टीच वापरलेली बरी. अर्थात पंचतंत्रातल्या शेठजीकडे ठेव म्हणून ठेवलेला लोखंडी तराजूसुद्धा उंदरांनीच खाल्ला होता.