चाकांचे सोवळे

दसऱ्याला गाडीच्या चकचकीत अलॉय व्हीलला आपण हळदकुंकू लावतो, समोर नारळ फोडतो आणि टायरखाली लिंबू चिरडतो. पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर आम्लाचे पहिले शिंतोडे उडतात ते असे, मंत्रोच्चारासह. पुढचे काम घाट करतो. खंबाटकी उतरताना ब्रेक झिजून लोखंडाचे तापलेले कण चाकाला चिकटतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. मग मालक जागे होतात. तापल्या चाकावर गार पाण्याचा फवारा, त्यावर संडास साफ करायचे आम्ल! डाग जातो, पण वरच्या लॅकरची आणि उघड्या धातूची वाट लागते. चाक गार होऊ द्यावे, सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, कोरडे फडके, वर मेणाचा पातळ थर, हा उपाय कुणाला पटत नाही. फारच स्वस्त आहे. खडा लागून लॅकरचा टवका उडाला, तर आत पांढऱ्या अळ्यांसारखा गंज सरकत जातो. तिथे मेणाचेही काही चालत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची चाके मात्र आरशासारखी आहेत. ते गाडी रोज पुसतात, बाहेर काढतात फक्त पाडव्याला.