नावं ठेवणारे नातेवाईक

खानदेशात बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. ठरवतात मात्र सगळेच: आजी-आजोबा, मामा, गुरुजी, समोरच्या गल्लीतल्या काकू आणि हल्ली मोबाईल. त्यात बाळ जन्मलं फ्रान्समधल्या तुलूझला, बापाचं घर धुळ्याचं, आईचं माहेर जळगावचं. म्हणजे वाद घालायला दोन जिल्हे आणि वर एक परदेश. बाळाची आई म्हणजे माझी भाची. तिची अट एवढीच होती, "मामा, नाव फ्रेंचांना आपलं वाटेल असं सुचवा. इथल्या बालवाडीतल्या बाईंची जीभ अडखळायला नको."

पहिली पंचाईत वेळेची. फ्रान्समध्ये जन्माची नोंद पाच दिवसांत करावी लागते, तीही नावासकट. आपलं बारसंच मुळी बाराव्या दिवशी. आपला १९६९ चा कायदा त्या मानाने फार समंजस. आधी नुसता जन्म नोंदवा, नाव बारा महिन्यांत फुकट घाला. तोवर एकमत झालं नाही, तर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत भांडत राहा. आमच्यासारखी घरं पाहूनच तो लिहिला असावा. फ्रेंचांवर तर १८०३ पासून बंधन होतं, की नाव विविध पंचांगांतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसांचंच हवं. १९९३ साली आईबापांना मोकळीक मिळाली. पंचांगाचं ऐकून गुरुजी खूश झाले. पंचांगावाचून त्यांचंही पान हलत नाही.

गुरुजींनी नक्षत्र काढलं स्वाती. अक्षरं रू, रे, रो, ता. चरणाचा आग्रह कुणी धरायचा नाही, असं ठरलं.

भाचीने 'रेने' सुचवलं. अर्थ, पुन्हा जन्मलेला. धुळ्याच्या आप्पांचे, म्हणजे बाळाच्या आजोबांचे वडील मागच्याच वर्षी गेलेले, त्यामुळे तिकडे डोळे पाणावले. पण जावईबापूंनी सांगितलं की फ्रेंच माणूस त्याचा उच्चार 'रने' असा करतो. गुरुजी दचकले. रास तूळच राहते, पण 'र' म्हटलं की नक्षत्र स्वातीचं चित्रा होतं! बालवाडीतल्या बाईंनी हजेरी घेतली की पोराची पत्रिका बदलायची, हे कुणालाच पटेना.

मग 'रेमों' आलं, म्हणजे आपलं रेमंड. जळगावच्या एमआयडीसीत रेमंडचा कारखाना, त्यामुळे नाव तोंडात बसलेलं. दाजी, म्हणजे भाचीचे वडील म्हणाले, "ते तर सुटाचं कापड आहे. व्याह्यांना आहेरात दिलेलं." आप्पा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, त्यांचा आक्षेप आणखी जुना. निजामाच्या पदरी रेमों नावाचा फ्रेंच सरदार होता आणि १७९५ साली खर्ड्याला तो मराठ्यांच्या विरुद्ध लढला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं वैर पाळण्यात कशाला आणायचं?

त्याच रेमोंची पुढची गोष्ट मला मात्र फार आवडली. हैदराबादेत हिंदू त्याला मूसा राम म्हणत आणि मुसलमान मूसा रहीम. मुसारामबाग ही वस्ती तिथे आजही आहे. फ्रान्सहून धडधाकट नाव घेऊन आलेल्या माणसाचंही लोकांनी आपल्या सोयीने बारसं केलंच.

शेवटी 'रोहन' निघालं. आजीला ओळखीचं, आत्याला आवडतं आणि गंमत म्हणजे अस्सल फ्रेंचही. ब्रिटनी प्रांतात रोहन नावाचं गाव आहे आणि त्याच नावाचं मोठं सरदार घराणं. त्या घराण्याचं ब्रीद असं, की राजा होता येत नाही, राजपुत्र व्हायची गरज वाटत नाही, मी रोहन आहे. दाजी खुर्चीत सावरून बसले. "हे तर आपल्या पाटलांसारखंच बोलणं झालं!" फ्रेंच लोक मधला 'ह' गिळून 'रोआँ' म्हणतात, एवढी तोशीस सगळ्यांनी सोसायची ठरवली. पाचव्या दिवशी नोंद झाली. बाराव्या दिवशी आत्याने मोबाईल तोंडाजवळ धरून धुळ्याहून 'कुर्र' केलं. तिकडे बाळ झोपलेलं होतं आणि इकडे घुगऱ्या वाटल्या गेल्या.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी अहिराणीत विचारलं, "पोर्‍यानं नाव काय शे?" सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं शे," आणि पुढच्याच वाक्यात बाळाचा 'आबा' केला.

आमच्याकडे हे असंच चालतं. जिभाऊ, नाना, आप्पा, तात्या यांची कागदावरची नावं पहिल्यांदा कळतात ती त्यांच्या मुलांच्या लग्नपत्रिकेत, आणि मग गावभर चर्चा, "अरे, नानांचं नाव चंद्रकांत आहे होय!" तुलूझच्या नगरपालिकेने 'रोहन' लिहून घेतलंय, ते खुशाल राहू दे. पोरगा सुट्टीत धुळ्याला आला की रोहनभाऊ होईल, चाळिशी गाठली की रोहनआप्पा. त्याची नोंद कुठे करायची नसते, त्यामुळे पाच दिवसांची मुदतही नसते.