बायको हरवली म्हणे, तीही नेपाळात!

अगं बाई, ऐकलंत का? आमच्या नागरा गावात हल्ली नवरे-बायका हरवायला लागलेत! घाबरू नका, मोबाइलवरच्या सिनेमांत. शिवमंदिरात बेल वाहून बाहेर पडलं, की पहिला प्रश्न, ‘काऊन वो वैनी, सापडली का त्याची बायको?’ महादेवानं कानांवर हात ठेवायचे तेवढे राहिलेत.

या खुळाचं मूळ 1989 चा हिंदी सिनेमा ‘खोज’. ऋषी कपूर बायकोला घेऊन काठमांडूला जातो आणि बायको गायब! नसीरुद्दीन शाहसारखा पोलीस तपासाला, म्हणजे तोही कमी घोळ घालणार नाही. तेवढ्यात पाद्री झालेला डॅनी एक बाई हजर करतो, ही घ्या तुमची बायको! आणि बाई कोण, तर किमी काटकर. नवरा बोंबलतोय, ही माझी नव्हेच. आमच्या मावशींनी तिथंच निकाल दिला, ‘आयती भेटून रायली, ठेवून घे ना बाप्पा!’

मूळ कथा म्हणे फ्रेंच नाटककार रोबेर तोमाच्या 1960 च्या नाटकातली. आपल्या नाटकातले पती जाऊन जाऊन काठेवाडीला गेले. ही बया फ्रान्समध्ये हरवली आणि नेपाळात शोधली जातेय!

मग 2012 ची ‘कहानी’. लंडनहून पोटुशी विद्या बालन नवरा शोधायला एकटी कोलकात्यात. अशा अवस्थेत! कुणी सासू-नणंद बरोबर नाही! पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सुजॉय घोषना. शेवट सांगणार नाही. पण पोटुशी बाईवर संशय घेऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी मधेच उठून भाकरी टाकायला जाऊ नये.

खरी चटक या संशयाचीच आहे. हरवलेल्याचं कुणाला काही पडलेलं नाही. जो शोधतोय, रडतोय, पोलिसांत जातोय, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे. गावात तर नवरा बालाघाटला गेला आणि फोन लागला नाही, तर बायकोनं काळजी करायचीही सोय उरली नाही. ‘लय रडून रायली, काही तरी हाय!’

आणि आमच्या झाडीपट्टीचे रसिक नवरे? मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक पाहून पहाटे आले, तर पूर्वी नुसत्या शिव्या खायचे. आता दाराआडून प्रश्न येतो, ‘तूच तो कशावरून?’ एकाला म्हणे आधार कार्ड दाखवावं लागलं. त्यावरचा फोटो पाहून संशय वाढला, ते वेगळं.